मन्मथअप्पा आणि एक्केचाळीस पोती

मन्मथअप्पांनी मला पहिल्यांदा लोणचं दिलं तेव्हा बरणीबरोबर एक चिठ्ठी होती. 'लोणचे, एक बरणी, झाकणासह. मिळाले.' आणि खाली सहीसाठी रेघ.

"अप्पा, हे काय?"

"पोच. सही कर."

"लोणच्याची पोच?"

"मग? उद्या गंगाक्का इचारंल, दत्ताला लोणचं दिलं का. मी म्हणंल दिलं. ती म्हणंल कशावरून? घरात तंटा कावून करायचा बे? कर सही."

केली. करता काय! महिन्याभरानं बरणी परत न्यायला आले तेव्हा खिशातून तीच चिठ्ठी काढली. बरणी होती, झाकण हरवलं होतं. "झाकणासह लिवलंय," अप्पा म्हणाले, आणि त्यानंतर पुढची अकरा वर्षं, मी कुठल्याही विषयावर जरा मोठ्यानं बोललो की ते शांतपणे विचारायचे, "आन झाकण?"

आमचं गाव सावरखेडी, बीड जिल्ह्यात. डोंगराच्या एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला वीज तयार करणारं थर्मल. फाट्यावर माझं झेरॉक्सचं दुकान. अप्पा आमचे पोस्टमन. तेहतीस वर्षं चार गावांचं टपाल त्यांनी एकाच सायकलवर वाटलं. रिटायर झाल्यावरही खाकी कोट अंगावरून उतरला नाही. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, वरच्या खिशात दोन पेन, खालच्या खिशात कार्बन पेपर. माझ्या दुकानात रोज येऊन बसायचे, पण झेरॉक्स एकदाही काढली नाही.

"तुजं मशीन लबाड हाय," म्हणायचे. "अस्सल कुठलं आन नक्कल कुठली, कळूच देत न्हाई. कार्बनला आपली जागा ठाऊक आसती."

टपालाबद्दल त्यांचा एकच कायदा होता. "टपालाला दोनच ठिकाणं आसतेत, दत्ता. ज्याचं हाय त्याच्याकडं, न्हाईतर ज्यानं धाडलं त्याच्याकडं. मदी काय न्हाई. मदी ठिवलं ती चोरी."

हे नुसतं बोलणं नव्हतं. एकदा एक कार्ड आलं होतं. पत्ता असा: 'आत्याबाईस, चिंचेच्या झाडाजवळ'. बास! गावाचं नाव पाण्यानं पुसून गेलेलं. आता आमच्याकडं चिंच नाही असं गाव नाही, आणि आत्याबाई नाही अशी चिंच नाही. धाडणाऱ्यानं आपलं नावसुद्धा नुसतं 'तुझा बबन' असं लिहिलेलं, म्हणजे परत पाठवायचीही सोय नाही. दुसऱ्या कुणीही ते कार्ड फडताळात सरकवलं असतं. अप्पांनी एकोणीस दिवस प्रत्येक चिंचेखाली जाऊन विचारलं, 'हितं कुणाचा बबन हाय का?' तीन आत्याबाई निघाल्या, दोघींना बबन नव्हता. तिसरी पार धर्मापुरीच्या वाटेवर सापडली, त्यांच्या हद्दीच्या बाहेर. तिला वाचता येत नव्हतं. अप्पांनीच वाचून दाखवलं की बबनला पुण्यात काम लागलंय आणि आत्याच्या शेंगाच्या चटणीवाचून घास उतरत नाही. म्हातारी लई रडली. अप्पांनी तिला रडू दिलं, पाणी दिलं, आणि मग साध्या पंधरा पैशांच्या कार्डासाठी तिचा अंगठा घेतला. कार्डाला पोच लागत नाही हो! पण अप्पांना लागायची.

राखेचं म्हणाल तर आमच्याकडं तिचं कुणाला अप्रूप नाही. कोळसा जळून उरलेली राख थर्मलवाले पाण्यात कालवून डोंगरापलीकडच्या मोठ्या तलावात सोडतात. उन्हाळ्यात तलाव वरून सुकला आणि वारं सुटलं की ती आमच्या गावावर. गंगाक्का, म्हणजे अप्पांच्या मंडळी, कुरडया वाळत घालायच्या त्या दोन लुगड्यांच्या खाली. धोतर धुऊन घालावं तर वाळेपर्यंत पुन्हा धुवायला झालेलं. पाहुणे यायचे ते अप्पांची चेष्टा करायचे, "अप्पा, आज भस्म जरा जास्तच लावलंय."

अप्पा सायकलची सीट पुसत म्हणायचे, "कपाळावरलं मी लावलंय. बाकीचं सायबांनी."

उडती राख लोकांनी अशी हसण्यावारी नेली होती. पण त्या श्रावणात, एका सोमवारी सकाळी, महादेवाच्या देवळात गर्दी असताना, तलावाचा बांध फुटला.

आवाज वगैरे काही आला नाही. ओढ्याला अचानक करडं पाणी आलं, मग पाण्याचा चिखल झाला, पातळ पिठल्यासारखा, आणि वळणावर तो ओढ्यात मावेना. वर आला, देवळाच्या पटांगणातून सरकला आणि समोरच्या विहिरीत पडायला लागला. लोक बेलाची पानं हातात धरून नुसते बघत राहिले. माणसाला काही झालं नाही, महादेवाची कृपा. एक म्हैस तेवढी चिखलात लोळून पांढरीफटक होऊन वर आली. मालकानं तिला ओळखलंच नाही, "ही कुणाची हाय?" म्हणून हाकलून दिली. तिचा व्हिडिओ लांबलांबपर्यंत फिरला आणि लोक फोन करून विचारायला लागले की ही जात कुठली, दूध किती देते.

हसलो आम्ही. पण दुपारी विहिरीवर गेलो तेव्हा हसू पळालं. सात परस खोल विहीर, सात माणसं एकावर एक उभी केली तर काठ लागेल एवढी. ती तोंडापर्यंत करड्या गाळानं भरलेली. सगळ्या गावाच्या नळाचं पाणी तिचं. दुसरा पाण्याचा थेंब आमच्या गावाला नाही.

अप्पा काठावर बसले होते. चिखल बुटात गेला होता, तो त्यांनी काढला नव्हता. मी शेजारी बसलो.

"बहात्तरच्या दुष्काळात खंदली ही," ते म्हणाले. "मी सोळा वर्साचा. सरकारनं दिलेली सुकडी खायाची आन पहार मारायची. सातव्या परसाला काळा खडक लागला, त्याला चार सुरुंग लावले, तवा झरा फुटला. समदे नाचले. मी छन्नी घेऊन खडकावर माज्या नावाचा म काढला. आजून आसंल तितं."

"गंगाक्कांना माहितीये?"

"कुणालाच न्हाई. बाप म्हणला आसता, खायाला न्हाई आन नाव कोरतंय."

मग टँकर सुरू झाला, दोन दिवसांनी एक, आणि त्याच्यावर बायकांची भांडणं. थर्मलवाले म्हणाले, पाहणी करू, मग विहिरीचं बघू. गुरुवारी समिती येणार असा निरोप आला, आणि इथं आमच्या गावानं ते केलं, जे आमचंच गाव करू जाणे.

साहेब येणार म्हणजे पाहुणे येणार. पाहुणे येणार म्हणजे गाव झाडायचं. यात विचार करण्यासारखं काय आहे? तीन दिवस अख्खं गाव खपलं. अप्पा पुढारी. देवळाचं पटांगण खरडून काढलं, पायऱ्या धुतल्या, ओढ्यापासून विहिरीपर्यंत सडा घातला, दोन्ही बाजूंनी चुन्याच्या रेघा ओढल्या, मधोमध रांगोळी. विहिरीच्या काठाला गेरू. मीसुद्धा खराटा धरला होता, मागाहून शहाणपण सांगत नाही.

समिती आली. पोहे झाले, चहा झाला. मोठे साहेब म्हणाले, "एवढं स्वच्छ गाव मी तालुक्यात पाहिलं नाही." आम्ही फुगलो. मग त्यांनी विचारलं, "बरं, राख कुठून आली म्हणता?"

"वड्यातून, सायेब. हितनं, पटांगणातनं."

साहेबांनी खाली पाहिलं. रांगोळीत 'सुस्वागतम्' लिहिलेलं होतं.

"इथं तर काहीच खूण नाही."

मी पुढं होऊन मोबाइलमधले व्हिडिओ दाखवले. साहेब म्हणाले, करडा चिखल सगळीकडं सारखाच, हा कुठला कसं सांगणार? म्हैस पाहून त्यांना हसू आलं, तेवढाच आमचा फायदा. अहवालात लिहून गेले: 'ओढ्यापासून विहिरीपर्यंत राखेच्या प्रवाहाची खूण आढळली नाही. वीटभट्टीला राख नेणाऱ्या ट्रकांतून ती सांडली असावी.' म्हणजे विहीर आमची आम्हीच बघायची!

त्या दिवशी मला गावाचा, साहेबांचा, पोह्यांचा, सगळ्याचाच राग आला. अप्पा मात्र कुणावर रागावले नाहीत. दुकानात आले आणि स्टुलावर बसून म्हणाले, "मी टपाल गहाळ केलं, दत्ता. तेहतीस वर्सांत पयल्यांदा." डोळे भरलेले होते त्यांचे. माझ्या मनात आलं, आता तरी झाकणाचं विचारा.

दोन दिवस फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी गंगाक्काच आल्या. मला म्हणाल्या, "दत्ता, तेवढं तुज्या अप्पाला सांग की ती पोती काढा म्हणावं. गोठ्यात गाईला उभं राह्याला जागा न्हाई."

"कसली पोती?"

गेलो बघायला. गोठ्याच्या मागच्या भिंतीला खताच्या रिकाम्या पोत्यांची थप्पी लागली होती, तोंडं सुतळीनं शिवलेली. पोत्यांत पटांगणातली खरवडलेली राख! आणि अप्पा ते अप्पाच. प्रत्येक पोत्याला एक चिठ्ठी. 'देवळाची तिसरी पायरी ते चाफा. झाडणार: सुमनबाई.' पुढं अंगठा. 'चाफा ते विहिरीचा दक्षिण काठ. झाडणार: दत्ता झेरॉक्स.' पुढं माझी सही! मी कधी केली होती कुणास ठाऊक. अप्पांनी कागद पुढं केला की सही करायची, एवढीच आता हाताला सवय.

"अप्पा, हे तुम्ही ठेवलंत कशाला?"

"टाकायचं कुटं? वड्यात टाकलं तर खालच्या गावाला जातंय. शेतात टाकलं तर शेताचं वाटोळं. आपलं न्हाई ते आपुन कसं टाकावं?"

आणि बोलता बोलता ते थांबले. मला आजही तो चेहरा दिसतो. आत्याबाई सापडली तेव्हा असाच झाला असेल.

"दत्ता," ते हळू म्हणाले, "धाडणाऱ्याला परत."

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर भरला. अप्पांनी पत्र स्वतः लिहिलं, खाली दोन कार्बन घालून. 'आपल्या राख तलावाचा बांध फुटून आमच्या गावच्या विहिरीत व पटांगणात आलेली आपली राख, त्यापैकी पटांगणातील एक्केचाळीस पोती परत करीत आहोत. पोच द्यावी. सोबत: पोती ४१.' मी म्हटलं, अप्पा, गेटवरनंच हाकलतील. ते म्हणाले, "हाकलू दे. 'घेण्यास नकार' आसं लिवून सही द्यावी लागती. ती बी पोचच हाय."

गेटवरच्या माणसानं पत्र पाहिलं आणि आवक-जावक विभागात जा म्हणाला. तिथं खिडकीत एक बाई बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, टेबलावर शिक्के ओळीत मांडलेले, एकही वाकडा नाही. अप्पांनी ते शिक्के पाहिले आणि कोटाची बटणं लावली.

बाईंनी पत्र घेतलं. वरची ओळ वाचली, खालची ओळ वाचली. मधलं वाचलं की नाही, देव जाणे.

"सोबतची पोती कुठंत?"

"भायेर. टॅक्टरात."

"मोजल्याशिवाय शिक्का मारत नाही मी."

"मारूच न्हाई," अप्पा म्हणाले.

बाई खरंच उठल्या. पदर खोचून ट्रॅक्टरपाशी आल्या, पोती मोजली. "चाळीसच आहेत."

"येक्केचाळीस. फिरून मोजा."

फिरून मोजली. एक पोतं खाली दबलेलं होतं. दोघांनाही असं बरं वाटलं की सांगता सोय नाही. बाईंनी आत जाऊन नोंद केली, शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला आणि कार्बन प्रतीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'पत्र व सोबत ४१ पोती मिळाली.' सही. अप्पांनी ती प्रत दोन्ही हातांनी घेतली. परत येताना एवढंच म्हणाले, "बाई पोस्टात पायजे हुती."

अंबाजोगाईच्या एका वकिलाला मी तो कागद दाखवला. तो म्हणाला, शिक्का म्हणजे कबुली नव्हे, कोर्टात टिकणार नाही. अप्पांना सांगितलं तर म्हणाले, "न्हाई टिकलं तर न्हाई. आवक नंबर पडला की कागद मरत न्हाई." आणि तसंच झालं. त्या नंबरामागं अप्पा दर सोमवारी एक कार्ड थर्मलला आणि एक कलेक्टरांना टाकायचे: 'आमच्या पत्राचे काय झाले?' शेवटी कंटाळून कलेक्टर साहेबांनीच सुनावणी लावली. आमच्याकडून अप्पा, थर्मलकडून एक तरुण इंजिनिअर, बिचारा नुकताच बदलून आलेला.

कलेक्टर साहेबांनी कागद वाचला आणि विचारलं, "राख तुमची नव्हती, तर तुम्ही घेतली कशाला?"

इंजिनिअर म्हणाला, "सर, ते चुकून झालं."

"बरं. मग ती पोती आता आहेत कुठं?"

"रिकामी केली, सर."

"कुठं रिकामी केली?"

इंजिनिअरनं घाम पुसला. "राखेच्या तलावात, सर."

"कुणाच्या?"

त्यानं हातातली फाइल मिटली. पोरगा खोटं बोलणारा नव्हता, हे अप्पांनी तिथंच ओळखलं. हुकूम झाला. विहीर साफ करायची, बांध पक्का करायचा, तोवर टँकर रोज, आणि काम पुरं झालं असं गावानं सही करून दिल्यावरच काम पुरं. गावानं एकमतानं ठरवलं, सही करतील मन्मथअप्पा. आता पोच द्यायची पाळी त्यांची होती.

आणि ते सहज देतील होय! दोन महिन्यांत विहीर उपसली, गाळ काढला, पाणी निवळशंख दिसायला लागलं. इंजिनिअर फाइल घेऊन आला. अप्पांनी विहिरीत डोकावून पाहिलं. "वरून झ्याक हाय. बुडाचं दिसत न्हाई."

"अप्पा, आम्ही तळापर्यंत काढलीय."

"आसंल. मला दिसू द्या."

तो पुन्हा आला, पुन्हा तेच. एकदा त्यानं पाणी तपासल्याचा कागद आणला. अप्पांनी कागदाची पोच दिली, विहिरीची नाही. इंजिनिअर माझ्या दुकानात येऊन डोक्याला हात लावायचा, "या माणसाला नक्की काय बघायचंय हो?" मला ठाऊक होतं, पण सांगितलं नाही. म्हणालो, लोणचं खाऊन जा. गंगाक्कांनी त्याला एक बरणी दिली, आणि त्यानं मुकाट्यानं सही केली. अप्पा खूश. मला म्हणाले, "बघ, ह्यानं झाकण बी आणून दिलं." त्यांच्या हट्टापायी आणखी एकदा माणसं खाली उतरली, आणि खरं सांगतो, तळाशी हातभर गाळ निघालाच. इंजिनिअरनं मग कुरकुर केली नाही.

त्या हिवाळ्यात अप्पांचे गुडघे गेले. मुलगी धारूरला दिलेली, ती दोघांना घेऊन गेली. जाताना गाव म्हणालं, अप्पा, आता सही करून जा, कोण एवढं बघतंय. अप्पा म्हणाले, "उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की फोन कर, दत्ता."

वैशाखात विहिरीचं पाणी गुडघाभर राहिलं. मी फोन केला. अप्पा सकाळच्या एसटीनं एकटेच आले, खाकी कोट, काठी, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला गंगाक्कांचा आरसा. खोल विहिरीत काही पडलं तर आमच्याकडं असंच बघतात, आरशानं उन्हाची तिरीप आत सोडून. इंजिनिअरही आला होता. अप्पांच्या हातात काठी होती म्हणून आरसा त्यानंच धरला.

"खाली. आजून खाली. डावीकडं घ्या," अप्पा काठावर बसून सांगत होते. तिरीप दगडावरून उतरत गेली. कपारीतल्या पारव्यांवरून, ओल्या शेवाळावरून, पाण्यातून थेट तळाच्या काळ्या खडकावर. सुरुंगाचं एक भोक दिसलं. मग दुसरं. अप्पा डोळे बारीक करून वाकले. त्यांची नजर तेवढ्या लांबचं टिपत नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आणि इंजिनिअर एकदम म्हणाला, "अहो अप्पा, तिथं खाली काहीतरी कोरलंय. 'म' आहे का तो?"

अप्पांनी डोळे मिटले. गालावरून पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलंही नाही. मग त्यांनी वरच्या खिशातलं पेन काढलं, खालच्या खिशातला कार्बन काढला, माझ्या पाठीवर कागद ठेवला आणि लिहिलं. मी नंतर वाचलं.

'विहीर, एक, तळासह. मिळाली.'

त्यानंतर अप्पा मला दिसले नाहीत. पावसाळा सरता सरता धारूरलाच वारले. पण त्या दिवशी दुपारी मी त्यांना एसटीत बसवून दिलं ते डोळ्यांपुढून हलत नाही. विहिरीचं पाणी भरलेला पाच लिटरचा कॅन त्यांनी पायाशी ठेवला होता, तो वाटेत येत होता. कंडक्टर ओरडला, "कुणाचा बे ह्यो कॅन? वाटेत कावून ठिवलाय?"

अप्पांनी कॅन उचलून मांडीवर घेतला.

"माजा हाय," ते म्हणाले. "सही करून घेतलाय."